सुई सातला, पानी साडेनवाला

७ जानेवारी १९७४

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा सुटून चार वर्सं झाली, आनि ऱ्हस्वदीर्घ मला तवाबी येत नव्हतं. टाईप मी दोन बोटांनी करते. एक वळ व्हायला चहाला उकळी येते तेवडा येळ जातो. हापिसातले आप्पा क्लार्क म्हनतात, सारजे, तुजं मशिन चालू हाय का बंद पडलंय ते कान लावून ऐकावं लागतंय. माफी मी कुनाची मागायली तेबी मला म्हाईत न्हाय. वाचनार हाय कोन.

दवाखान्यातल्या जुन्या डायटच्या कागदांच्या पाठीवर हे लिवायली. पुढच्या अंगाला कुना पेशंटला किती दूध, किती भात ते हाय. माजं काम स्वयंपाकघरात. पाचला बंब पेटवायचा, भाकरी थापायच्या, ताटं वार्डात न्यायची. दुपारी आप्पांच्या हापिसात बसून ताटावर चिकटवायच्या चिठ्ठ्या टाईप करायच्या, नाव, खाट नंबर, काय द्यायचं, काय न्हाय. हे टाईपचं काम मला केसरबाईनी मिळवून दिलं. केसरबाई म्हंजे आमच्या स्वयंपाकघरावरच्या बाई. मला चारचौघांत बोलता येत न्हाय, गळ्यातच अडकतंय. त्या म्हनल्या हुत्या, ही पोरगी तोंडानं बोलत न्हाय तर बोटानं तरी बोलू द्या.

आज लिवायला बसले कारन आज ती आली. हेमावती.

८ जानेवारी

काल तितंच थांबले. पुढं लिववंना.

हेमावती आमच्या भवानी पेठेतलीच, आमच्यापासून तिसरं घर. घरात चार माग, तेलगू बोलनारी मानसं. माज्यापेक्षा पाच वर्सांनी मोठी. ल्हानपनी सारी गल्ली तिला अक्का म्हनायची, मीबी. दर जूनला तिची जुनी पुस्तकं माज्याकडं यायची, कव्हर घातलेली, एक कोपरा दुमडलेला न्हाय. सातवीपतूर मी तिच्याच पुस्तकांवर शिकले. आठवीच्या जूनला वाट बगितली. आई आजारी हुती, ल्हान भावंडं माज्यावर हुती. बाबा तिच्या घरला जाऊन आले आनि म्हनले, पुस्तकं त्यांनी दुसऱ्या पोरीला दिली. मग मी गेलेच न्हाय शाळंत.

आता ती मुंबईला शिकून डायटिशन व्हायलीय. पेशंटनं काय खायाचं, किती खायाचं ते ठरवायचं शिक्षन. कॉलेज झाल्यावर आनि एक वरीस शिकायचं, मग सहा म्हैने दवाखान्यात काम करून जाडजूड रिपोर्ट द्यायचा, तवा सर्टिफिकेट. एवड्या मोठ्या मुलखात दवाखाने पडलेत आनि तिला हाच गावला. पांढरा कोट हाय. केसरबाईनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून मी लसून सोलायचे.

१० जानेवारी

तिनं तराजू आनलाय. सगळं वजन करून पायजे. एका भाकरीला पीठ किती, आमटीच्या पळीत डाळ किती. भाकरीचं पीठ मी मुठीनं घेते. तिनं विचारलं, "किती असेल हे?" मी म्हनले साठ. वजन केलं तर एकसष्ट. तिनं पाच बार घ्यायला लावलं, पाचीबी बार तसंच. मग साऱ्या बायकांना बोलवून म्हनली, बगा हिचा हात, मला हे एवडं शिकून जमलं न्हाय. बायका हसल्या. एक म्हनली, मग हिलाच कोट घाला की. माजे कान तापले. डोंबाऱ्याच्या खेळातल्या माकडावानी वाटलं.

आनि वहीत लिवून घेतलं तिनं. म्हंजे आता ते तिचं झालं. मूठ माजी, सर्टिफिकेट तिचं.

जाताना हळूच विचारती, "सारजा, तू आठवी का केली नाहीस गं?"

मी परात पुसत बसले. पुस्तकं दुसरीला द्यायची आनि वर तोंड करून हे विचारायचं.

१२ जानेवारी

बायकांच्या वार्डात खाट नऊवर वळसंगच्या शिवबाई हायत. साखरेचा आजार, पायाची जखम भरत न्हाय. मराठी तोडकं मोडकं, बोलनं सगळं कानडी. माजी आई अक्कलकोटाकडची, म्हनून मला कानडी येतंय. वार्डात दुसऱ्या कुनाला येत न्हाय. मी त्यांना अव्वा म्हनते.

आज ताट आनायला गेले तर उपमा तसाच, वर दुसरी ताटली झाकलेली. अव्वानं माजा हात धरून खाली वाकवलं आनि कानात सांगितलं. त्या लिंगायत. गळ्यात लिंग हाय. आंगोळ करून लिंगाची पूजा झाल्याबिगर तोंडात पान्याचा थेंब घालत न्हाईत. लग्न झाल्यापसनं चाळीस वर्सं कदी मोडलं न्हाय, तापात न्हाय, बाळंतपनात न्हाय. आनि वार्डातलं आंगोळीचं गरम पानी आमच्या बंबाचं. आदी दूध, चहा, नाष्टा, भांडी, मग साडेनवाला बादल्या वार्डात. म्हनून अव्वा दहाला खातात, गार झालेलं. पयल्या दिवशी ताट तसंच बगून नर्सबाई रागावल्या हुत्या. तवापसनं कुनीबी विचारलं की अव्वा म्हनतात, "आयतु, आयतु." म्हंजे झालं.

मला म्हनल्या, कुनाला सांगू नगं, मगळ. मगळ म्हंजे लेक. मी न्हाय सांगनार म्हनले.

घरला येताना ध्यानात आलं. परवाच हेमावती स्वयंपाकघरात सांगत हुती, साखरेची सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न पायजे, न्हाय तर साखर एकदम उतरती, मानूस थरथरतंय, बेशुद्ध पडतंय. अव्वाला सुई सातला असती.

खाट नऊ हेमावतीच्या रिपोर्टातली हाय, अव्वानं काय खायाचं ते तीच ठरवती. उद्या सांगते तिला.

१३ जानेवारी

आज भोगी. सांगितलं न्हाय.

सांगायला गेले हुते खरं. दारात उभी ऱ्हायले. केसरबाईनी घरनं बाजरीची तीळ लावलेली भाकरी आनि लोनी आनलं हुतं. मागच्या भोगीला त्यातली अर्धी मला दिली हुती. आज हेमावतीच्या ताटात वाढत हुत्या, दोगी हसत हुत्या. हेमावतीनं मला बगितलं, म्हनली, ये की सारजा, बस. ये की म्हननारी ती कोन? हितं मी तीन वर्सं हाय, ती एक आठवडा.

मागं फिरले. सांगितलं असतं तर वही काढली असती तिनं.

१७ जानेवारी

बारा वाजता लघवी तपासतात. परीक्षानळीत निळं औषध घालून उकळायचं. निळं ऱ्हायलं तर साखर न्हाय, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर लई. अव्वाचं रोज विटकरी. होनारच की. दहाचा उपमा आनि साडेअकराचं जेवान एकावर एक. मोठ्या डॉक्टरांनी सुई वाढवली. आनि हेमावतीला सगळ्यांच्या म्होरं म्हनले, बाई, तुमचा आहाराचा हिशोब चुकतोय, परत करा.

तिचं तोंड एवडंसं झालं.

मला बरं वाटलं. हितं खोटं लिवून काय करू. बरं वाटलं.

१९ जानेवारी

अव्वा म्हनल्या, नवाच्या टायमाला घाम फुटतोय, एवड्या थंडीत. मी म्हनले, अव्वा, दोन घास खावा की आदी, देव काय रागावतोय का. त्यांनी माज्याकडं असं बगितलं की मी परत बोलले न्हाय.

मग मी सपनं बगितल्यावानी उगंच इचार केला की अव्वाला आदी एक बादली द्यावी. पन बंबाचं पयलं पानी काढलं तर केसरबाई विचारनार कुनाला. मग सगळं सांगावं लागनार. मग ते हेमावतीला कळनार.

२२ जानेवारी

हेमावती वाळलीय. प्रत्येक गोष्ट दोनदोनदा वजन करती. सकाळी नाष्ट्याच्या टायमाला तिला डॉक्टरांच्या मागं पुरुषांच्या वार्डात फिरावं लागतंय, तिकडनं सुटली की पळत आमच्याकडं. आज मला बाजूला घेऊन म्हनली, "ताटं तू आणतेस. खाट नऊ सगळं खाते ना? मी विचारलं तर आयतु म्हणतात फक्त."

मी म्हनले, "ताट रिकामं येतंय."

खोटं न्हाय ते. रिकामंच येतंय की. अकराला.

ती म्हनली, मग माझंच काहीतरी चुकतंय. आनि परत तराजूकडं गेली.

२५ जानेवारी

आज आप्पांना सांगितलं, चिठ्ठ्या हायत म्हनून, बसू द्या.

नवाला वार्डात दूध घेऊन गेले. अव्वा बसलेल्या न्हवत्या. डोळे वर, दातखीळ बसलेली, चोळी-लुगडं घामानं भिजलेलं. हात थडथड उडायला. मी ओरडले. माजा आवाज एवडा मोठा हाय हे मला म्हाईत नव्हतं. नर्सबाई पळत आल्या, डॉक्टर आले, शिरंतनं साखरेचं पानी दिलं. थोड्या येळानं डोळे उगडले. पयला हात गळ्याकडं गेला, लिंग हाय का बगायला. मग मला बगितलं आनि विचारलं, "नीर बंतेनं?"

पानी आलं का, म्हनून.

डॉक्टरांनी सुई निम्मी केली. आनि हेमावतीला म्हनले, पेशंटच्या जिवावर शिकायचं नसतं. कारन सापडलं न्हाय तर सोमवारी तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल. तिच्या बाजूनं कोन बोललं न्हाय. केसरबाईबी खाली बगत हुत्या. मी तितंच हुते, दुधाचा तांब्या घेऊन.

दुपारी कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्याआड कोन तरी रडायलं हुतं. मला वाटलं हुतं असं झालं तर मला लई बरं वाटंल. न्हाय वाटलं. तिच्यासाठी वाईट वाटलं असंबी न्हाय. अव्वाचा तो हात डोळ्याम्होरनं जात न्हाय.

२७ जानेवारी

कालबी तोंड उगडलं न्हाय. दोनदा तिच्याम्होरं गेले, दोनदा मीठ हाय का विचारून आले.

आज चिठ्ठीच टाईप केली. ताटावर लावायची असते तशीच:

खाट ९. शिवबाई. लिंगपूजेशिवाय खात न्हाईत. पूजा आंगोळीशिवाय न्हाय. सुई सातला, पानी साडेनवाला.

आनि हेमावतीच्या तराजूच्या पारड्यात ठेवली. तिनं वाचली. परत वाचली. मला वाटलं आता विचारनार, तुला कवा कळलं. तिनं एवडंच विचारलं, "बंब आधी पेटवता येईल?"

मी मान हलवली. ती कोट सावरत डॉक्टरांकडं पळाली.

२९ जानेवारी

काल आनि आज साडेचारला बंब पेटवला. पयली बादली अव्वाला. न्हानीपतूर त्यांना हाताला धरून मी नेलं. पूजेला हेमावतीनं खाटेभवती चादर धरली, पाठ करून उभी, तिचे हात अवघडले तरी खाली केले न्हाईत. अव्वानं कपाळाला इभूत लावली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, डोळे मिटून बसल्या. वार्डात कोन खोकलं बी न्हाय.

सातला सुई. साडेसातला ताट. अव्वानं घास घेतला आनि हसल्या, "बिशी अद." गरम हाय म्हनल्या. तीन आठवड्यांत पयल्यांदा गरम उपमा.

आज बाराला नळी हिरवी झाली. डॉक्टर हेमावतीला म्हनले, शाबास, याला म्हणतात डायटिशन. ती म्हनली, सर, हे सारजानं सांगितलं. पन डॉक्टर तवर खाट दहाला गेले हुते.

परत तोच जळफळाट सुरू झाला. बंब मी पेटवला. बादली मी उचलली. सगळं चांगलं झालं तरी हे जात न्हाय, काय करू.

६ फेब्रुवारी

अव्वा घरला गेल्या. जखम भरत आलीय. जाताना माज्या दोनी गालांवरनं हात फिरवून बोटं मोडली. हेमावतीच्याबी मोडली. आदी तिच्या.

८ फेब्रुवारी

हेमावतीचा रिपोर्ट इंग्रजीत मुंबईला जानार. त्याची मराठी प्रत दवाखान्याला ठेवायची, केसरबाईला आनि नर्सबाईंना वाचता यावी म्हनून. ती प्रत मलाच टाईप करायला दिलीय. तिनं हातानं लिवलेलं म्होरं ठेवायचं आनि ठोकायचं.

पयल्या पानांत माजी मूठ कुटं हाय ते शोधत हुते. सापडली. "स्वयंपाकघरातील मदतनीस कुमारी सारजा ही वजनाशिवाय साठ ग्रॅम पीठ अचूक घेते. भाकरीची मापे मी तिच्याकडून शिकले." नावासकट.

आज अकरावं पान. खाट नऊ. तितं लिवलंय, "नाष्ट्याच्या वेळी मी स्वतः वॉर्डात हजर नव्हते, ही माझी चूक. खरे कारण सारजामुळे कळले. सत्तावीस तारखेला ही गोष्ट समजताच तिने ती लगेच कळवली." आनि खाली, "अशा मुलीला दवाखान्याने रात्रशाळेत पाठवून पुढे या कामाचे शिक्षण द्यावे, अशी माझी विनंती आहे."

"लगेच" पतूर टाईप केलं. पुढं बोट चालंना. आप्पा म्हनले, मशिन बंद पडलं का गं.

९ फेब्रुवारी

अकरावं पान फाडलं आनि परत टाईप केलं. सगळं तिनं लिवलंय तसंच. फक्त "लगेच" ची वळ काडली. तिच्या जागी हे टाईप केलं:

"सारजाला ही गोष्ट बारा तारखेपासून माहीत होती. तिने सांगितली नाही. विचारल्यावरही सांगितली नाही."

तिच्यासारखं शुद्ध लिवलं, म्हंजे सगळ्यांना वाचता यावं. पारड्यात ठेवलं आनि कोठीत जाऊन डाळ निवडत बसले. तीच पाटी तीनदा निवडली.

११ फेब्रुवारी

हेमावती कोठीत आली. हातात अकरावं पान. पोत्यावर बसली, पांढऱ्या कोटाला पीठ लागलं तरी.

"मी तुझं काय केलं होतं, सारजा?"

मला वाटलं आवाज येनार न्हाय. आला. म्हनले, "पुस्तकं."

"कसली पुस्तकं?"

"आठवीची. दुसरीला दिली तुमी."

तिनं पान मांडीवर ठेवलं. मग म्हनली, "कुणाला दिली नव्हती. तुझे बाबा आले होते घरी. अम्माला म्हणाले, आता पुस्तकं पाठवू नका, पोरीला घरात बसवायचंय. मला वाटलं तुलाच नको असेल शाळा. दोन वर्षं पेटीत होती. मग रद्दीत घातली."

ती खोटं बोलायलीय असं म्हनून बगितलं मनात. जमलं न्हाय. बाबा त्या दिवशी आले तवा चपला न काढता दारातच बसले हुते, आनि माज्याकडं न बगता बोलले हुते. ते आत्ता आठवतंय. चार वर्सं मी कुनावर दात धरून हुते, आनि ज्याच्यावर धरायला पायजे त्याला रोज भाकरी वाढत हुते. त्यांच्यावर तरी धरता येतंय का. आईला कोन बगनार हुतं.

मी विचारलं, "ती वळ काडू का?"

"नको. खरी आहे ती. राहू दे."

"मग त्याच्या खालची? रात्रशाळेची?"

तिनं पान परत वाचलं. कपाळाला आठी पडली. म्हनली, "तीही खरी आहे." आनि पान घेऊन उठली.

रोज जाताना ती माज्या परातीतली एक गरम भाकरी उचलून न्यायची. आज उचलली न्हाय. मी म्हनले, "अक्का, भाकरी." दारात थांबली ती. वळली न्हाय, पन थांबली. मग गेली.

उद्या पानं केसरबाईंकडं जानार. दोनी वळी एकाखाली एक हायत. केसरबाई चष्मा लावून बोट ठेवून सावकाश वाचतात. पयल्या वळीवर बोट किती येळ थांबंल आनि दुसरीवर जाईल का न्हाय, ते मला सांगता येत न्हाय.

केसरबाई आत्ताच दारातनं सांगून गेल्या, आमच्या गल्लीतल्या रंभाबाईला वरच्या वार्डात जुळं झालं, दोगी पोरी. एक दुसरीपेक्षा पाव किलोनं जास्त भरली. जल्मल्याजल्मल्या दोगींचं तोलनं सुरू, आमच्यावानी.